माझी गाडी पूजेला बसत नाही!

माझी गाडी देवाला मानत नाही, असं मी सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं.

गाडीला न विचारता सांगितलं होतं, हे कबूल. पण मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. वर्षभर मुलांना घर्षण समजावून सांगायचं आणि आयुधपूजेला स्वतःच्याच गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून ती फोडायची, हे मला पटत नाही. त्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, तंजावुरात बसपासून सायकलीपर्यंत चाकावर चालणाऱ्या सगळ्यांना गंध, कुंकू, हार आणि लिंबू मिळतं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तर एकानं मिक्सरलाही हार घातला होता. (फिरतो ना? मग झालं!)

"यंदा माझ्या गाडीला पूजा नाही!" मी आदल्या संध्याकाळी जाहीर केलं.

ऐकायला दोघीच होत्या. एक माझी बायको जया. दुसरी माझी आत्या. नवरात्रात आमच्याकडे पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्या बघायला ती ओरत्तनाडूहून आली होती आणि बाहुल्यांपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होती.

"नक्को रे माधू," आत्या म्हणाली. "दिष्टि लागेल गाडीला."

"दृष्ट लागायला ती काय तान्हं बाळ आहे?"

"शेरी," आत्या म्हणाली. (शेरी म्हणजे तमिळमध्ये 'ठीक आहे'. आत्याच्या तोंडी मात्र 'बघतेच तुला'.) "उद्या माझ्या घरी ट्रॅक्टरची पूजा आहे. राहुकाळ लागायच्या आत तुझ्या ह्या गाडीनं मला घरी सोडलंस, तर पुन्हा लिंबाचं नाव काढणार नाही. नाही चालली, तर पुढच्या वर्षी तू वेष्टी नेसून, उघड्या अंगानं, भर रस्त्यात गाडीला आरती ओवाळायची. कोहळापण तूच फोडायचा!"

"मंजूर!" मी म्हणालो.

आमच्या गल्लीत माझे अर्धे विद्यार्थी राहतात. ह्या देहाची वेष्टीतली (म्हणजे लुंगीसारख्या धोतरातली), उघड्या अंगानं आरती त्यांनी मोबाइलवर टिपली असती, तर मी पुन्हा वर्गात न्यूटनचं नाव कुठल्या तोंडानं घेतलं असतं? पण माघार घेणं आमच्या रक्तात नाही. जया मात्र 'बरं' म्हणून आत निघून गेली. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे 'बरं' मला खटकायला हवं होतं.

सकाळी आत्या पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. मी चपला काढून ठेवल्या, कारण नव्या चपलेनं पायाची पुढची बाजू सोलवटली होती. ऐटीत क्लच दाबला आणि किल्ली फिरवली.

काही नाही. घरघर नाही, खरखर नाही, साधं टक् सुद्धा नाही!

माझ्या गाडीत क्लच तळापर्यंत दाबल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. म्हणून मी पुन्हा दाबला. जरा घट्ट लागला खरा, पण माझा डावा गुडघा हल्ली कुरकुरतो, तेव्हा दोष मी गुडघ्याला दिला आणि दात-ओठ खाऊन आणखी जोरात दाबला. किल्ली फिरवली. शुकशुकाट.

"झालं?" आत्यानं विचारलं.

"इंजिन थंड आहे."

"तंजावुरात?"

मी हॉर्न वाजवून पाहिला. दणदणीत वाजला, म्हणजे बॅटरी ठीक. काटा पाहिला, पेट्रोल होतं. बॉनेट उघडून आत पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं, निदान मला तसं वाटलं. (बॉनेटखाली काय काय असतं आणि काय नसतं, हे ज्याला माहीत असेल त्यानंच त्यात चूक काढावी.) हॉर्न ऐकून गल्लीतले लोक हातात चुरमुरे आणि सुंडलीचे, म्हणजे प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीचे, द्रोण घेऊन बाहेर आले आणि खात खात बघू लागले.

"ढकलूया का, सार?" कोणीतरी विचारलं.

"खबरदार!" जया दारातून ओरडली. "पहाटे उठून कोलम काढलंय समोर. कोणी पाय ठेवला तर बघा!" (कोलम म्हणजे आमच्याकडची दारातली रांगोळी.)

"मग गाडी कशी जाणार त्यावरून?" मी विचारलं.

"चाकानं गेलेलं चालतं. पायानं नाही."

ह्या नियमामागचं विज्ञान विचारायला वेळ नव्हता. मी समोरच्या सेल्वमच्या गॅरेजात गेलो. सेल्वम नवा शर्ट घालून उभा होता. त्याचे सगळे पाने, हातोड्या आणि पकडी गंध लावून, हार घालून देवासमोर मांडल्या होत्या.

"सेल्वम, जरा एक पाना घेऊन ये."

"सार!" मी त्याच्याकडे त्याची किडनी मागितली असावी, अशा आवाजात तो म्हणाला. "आज हत्यारांना हात लावायचा नाही. आज ती देव आहेत. उद्या सकाळी उठतील."

"मग नुसतं बघायला ये!"

तो आला. हात मागे बांधून, प्रदर्शन बघायला आल्यासारखा त्यानं गाडीला फेरा मारला. "सेल्फची मोटार गेली," तो म्हणाला. दुसरा म्हणाला, फ्यूज. तिसरा म्हणाला, उंदीर. आत्या म्हणाली, "दिष्टि." आणि सगळ्यांनी आत्याच्या बाजूनं माना हलवल्या!

माझं डोकं फिरलं. मी पुन्हा गाडीत बसलो. राहुकाळ जवळ येत होता, गल्ली बघत होती आणि डोळ्यांसमोर पुढच्या वर्षीची वेष्टी फडफडत होती. मी क्लचवर अक्षरशः उभा राहिलो. दाब! फिरव! दाब! फिरव!

"कसला रे वास येतोय?" आत्यानं नाक वर केलं. "आंबट."

मीही हुंगलं. खरंच आंबट. आम्ल! माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. "बॅटरी गळतेय!" मी ओरडलो. (बॅटरी ठीक असल्याचं मीच मघाशी सिद्ध केलं होतं, पण विज्ञानात मत बदलावं लागतं.) "मागे सरका सगळे! ॲसिड आहे!"

तेवढ्यात ते ॲसिड माझ्या सोलवटलेल्या पायावर पडलं. असं झोंबलं म्हणता! मी एका पायावर लंगडी घालत बाहेर आलो. "पाणी आणा! पाय जळाला!"

जयानं तांब्याभर पाणी ओतलं. आत्यानं वाकून माझ्या पायाचा वास घेतला आणि म्हणाली, "अय्यो! सरबत आहे रे हे!"

मी गाडीत डोकं घातलं. क्लचच्या मागे, खाली, एक लिंबू अडकलं होतं. चेंदामेंदा झालेलं, रस गळणारं आणि कुंकू लावलेलं! त्याच्यामुळे क्लच तळाला टेकतच नव्हता आणि तळाला टेकत नाही म्हणून गाडी सुरू होत नव्हती. मी वळून जयाकडे पाहिलं. ती कोलमकडे बघत होती.

"मी सीटखाली ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला दिसू नये म्हणून. गडगडलं असेल."

मी लिंबू उपटून काढलं, क्लच दाबला, किल्ली फिरवली. पहिल्या फटक्यात सुरू!

मी ते लिंबू गल्लीसमोर उंच धरलं. "बघा! हा गुन्हेगार! गाडी पूजेवाचून अडली नव्हती, पूजेच्या लिंबानं अडली होती! अंधश्रद्धेनं विज्ञानाच्या पायात पाय घातला!"

भाषण चांगलं झालं. टाळ्याही पडल्या. पण त्या गाडी सुरू झाल्याच्या होत्या, हे नंतर लक्षात आलं.

ओरत्तनाडूच्या रस्त्याला लागल्यावर आत्यानं खटला चालवायला घेतला.

"लिंबू फुटल्याशिवाय गाडी हलली का रे?"

"नाही, पण—"

"फोडलं कुणी?"

"मीच, पण—"

"अनवाणी होतास?"

"चपला लागत होत्या म्हणून!"

"मग झाली की पूजा. अनवाणी, अस्की गल्ली बघत असताना." (अस्की म्हणजे सगळी. आत्या असले जुने शब्द फक्त निकाल देताना वापरते.) "लोक लिंबावरून एकदा चाक नेतात, तू तर तासभर फोडत होतास. एवढी भक्ती मी कुणाची पाहिली नाही!"

"नकळत झालेली पूजा धरत नाहीत!"

"देव धरतो," आत्या म्हणाली.

राहुकाळाच्या आत मी तिला घरी सोडलं. पैज मी जिंकली. आत्या म्हणते, ती जिंकली. जया म्हणते, लिंबू जिंकलं. म्हणोत! पुढच्या आयुधपूजेला मी वेष्टी नेसणार नाही, कोहळा फोडणार नाही आणि आरती तर मुळीच ओवाळणार नाही. हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

फक्त एक खबरदारी घेतो. रोज सकाळी निघण्याआधी गाडीचं दार उघडतो, जमिनीवर गुडघे टेकतो, डोकं पार खाली घालतो आणि पेडलांखाली काही अडकलेलं नाही ना, एवढं बघतो. शुद्ध, निखळ विज्ञान!

परवा असाच ओणवा असताना समोरची बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "बघा जरा! आपण वर्षातून एकदा हार घालतो. प्रोफेसर सार रोज गाडीला दंडवत घालतात, तेही पूजेवर विश्वास नसताना!"

मी ताडकन खुलासा करायला डोकं वर काढलं. ते स्टिअरिंगवर असं आदळलं की माझ्या तोंडून एवढाच खुलासा बाहेर पडला, "अय्यो, देवा!"