साडूंची लुडोतली तेलुगू

माझ्या साडूंइतका हरायला नाखूश माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात सापडायचा नाही. कळमनुरीच्या बाजारात त्यांनी तेहतीस वर्षं मापाडी म्हणून सोयाबीन आणि तूर तोलली. तिथं काटा दाखवील ते मुकाट मान्य करावं लागायचं, म्हणून असेल, पण घरी आल्यावर त्यांना कुठलाच निकाल मान्य नसतो. नांदेडकडची एसटी आधी येईल की हिंगोलीकडची, यावर ते पैज लावतात, आणि चुकले तर "ती कालची गाडी हाय, आज येऊन राहिली" म्हणतात. पुतण्याशी कॅरम खेळताना राणी हातची गेली, की त्यांना बोर्डाखाली हमखास विंचू दिसतो.

असा माणूस साठी उलटल्यावर तेलुगू शिकायला बसला, तो नातीसाठी. त्यांच्या मुलीनं निजामाबादला तिथल्याच मुलाशी लग्न केलं. दोघंही नोकरीला, लेकरू दिवसभर तिकडच्या आजीपाशी; त्यामुळे साडेचार वर्षांची ही नात बोलते ती फक्त तेलुगू. दिवाळीत ती सहा दिवस राहिली आणि सहाही दिवस आईच्या ओढणीमागून आजोबांकडे बघत राहिली. "माझी नात, अन् मला पावणा समजून राहिली," ते म्हणाले, तेव्हा थट्टा करायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांनी पुस्तक आणलं आणि आठव्या पानावर मिटलं. "साडूभाऊ, पुस्तकानं भाषा येत न्हाई. भांडणानं येते, अन् भांडायला डाव लागतो." गल्लीत एक तेलुगू गवंडी बऱ्याच वर्षांपासून राहतो. त्याला रोज संध्याकाळी ओट्यावर बसवून लुडो सुरू झाला. रविवारी हिंगोलीहून मी जाऊन तिसरा व्हायचो. नियम एकच: जो मराठीत बोलेल त्याची सोंगटी परत घरात. एका रविवारी माझी सोंगटी सतरा वेळा घरात गेली. त्यातल्या दोन वेळा मी फक्त शिंकलो होतो. "शिंक मराठीच होती," हा त्यांचा निवाडा. मेहुणी चहा ठेवून "गार होऊन राहिला" म्हणाली, तर हे तिचीही सोंगटी मागू लागले.

"मी खेळूनच न्हाई राहिले, तर सोंगटी कुठली देऊ?"

"मंग साडूभाऊची घेतो."

उन्हाळ्यापर्यंत त्यांना त्रेसष्ट शब्द येऊ लागले. मी वहीत लिहून मोजले. त्यातले पन्नास निव्वळ डावाचे: फासा टाक, तुझी पाळी, लबाडी नको. जेवलीस का, बरी आहेस का, यातलं एकही नाही. एकदा व्याह्यांचा फोन आला. बोलायचं काय ते सुचेना, म्हणून यांनी मोठ्यानं सांगून टाकलं, "मीरु ओडिपोयारु." म्हणजे, तुम्ही हरलात. मी कपाळाला हात लावला. "काहून घाबरता? अहो-जाहो करूनच बोललो नं," असं ते मलाच समजावत राहिले.

मे महिन्यात नात आली. यांनी "रा, रा", म्हणजे ये, ये, म्हणून हात पुढे केले आणि ती ओढणीमागे गेली. पहिला दिवस तसाच, दुसरा तसाच, तिसराही. चौथ्या दिवशी रविवार होता. मला म्हणाले, "त्रेसष्ट शब्द घेऊन बसलो, पोरीला एक बी नको." लुडो मांडला तोही उगीच, हातांना काही काम हवं म्हणून. फाशावर पाच पडले. यांचं लक्ष नव्हतं. "नालुगु", म्हणजे चार, असं म्हणाले आणि चारच घरं सरकले. चुकलेला आकडा मी कधी सोडत नाही. बोलणार, इतक्यात दारातून बारीक आवाज आला, "नालुगु कादु. ऐदु." चार नाही, पाच.

साडूंनी मागे वळून पाहिलं नाही. सोंगटी निमूट एक घर पुढे नेली. पुढच्या फेरीत तीन पडले, ते दोन म्हणाले. मग सहाचे पाच केले. तासाभरात नात मांडीवर होती आणि त्या दुपारी साडू बावीस वेळा चुकले. शेवटी तिनंही सोंगट्या मांडल्या, आणि डावही हे हरले, तिच्याकडूनच. "तातय्या ओडिपोयाडु," आजोबा हरले, असं तिनं गल्लीत सात घरी जाऊन सांगितलं. विंचू निघाला नाही. सातही घरी हे तिच्यामागून गेले आणि मान डोलावून आले.

जूनमध्ये शाळा म्हणून ती गेली. परवाच्या रविवारी आम्ही दोघेच ओट्यावर बसलो होतो. यांना पाच पडले. फाशाकडे नीट बघून ते म्हणाले, "नालुगु," आणि सोंगटीवर बोट ठेवून थांबले. मी तोंड उघडलं. उंबऱ्यात मेहुणी शेंगा सोलत होती, तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं. थोड्या वेळानं त्यांनी सोंगटी चार घरं सरकवली, आणि मी फासा उचलला.