दूध संघाच्या कॅलेंडरावरचा गरुड

त्या दुष्काळात बिंदुसरा धरणाचा तळ दिसत होता. पालीजवळ एक ताई जखमी शिकारी पक्षी सांभाळायच्या. घारी, घुबडं आणि मांजानं पंख कापलेला एक गरुड. मी केजचा लग्नाचा फोटोवाला. महिन्यातून एकदा जाऊन त्या पक्ष्यांचे फोटो फुकट काढून द्यायचो, जखम कशी भरतेय ते डॉक्टरांना दाखवायला. चार महिन्यांनी गरुडाचा पंख भरला. आठ दिवसांनी त्याला सोडायचं ठरलं होतं.

तेवढ्यात पाणी संपलं. पक्ष्यांना पाजायलाही उरलं नाही. ताईंनी जिल्ह्याच्या दूध संघाकडं टँकर मागितला. चेअरमन म्हणाले, दर आठवड्याला देतो, पण संघाच्या कॅलेंडरावर गरुडाबरोबर माझा फोटो पाहिजे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ही! टँकर फाटकाबाहेर उभा, आणि ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं, फोटो झाल्याशिवाय पाइप लावायचा नाही.

ताईंनी मला बजावलं होतं. गरुड बुजला की तारेच्या जाळीवर आदळतो. म्हणून जाळीला आतून लावलेलं हिरवं कापड हलवायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही, आणि फोटो एकच.

पिंजऱ्यात जाऊन एक मी काढला. बरा आला होता. फोटो झाला म्हणून ताई टँकरकडं गेल्या. चेअरमननी कॅमेऱ्यात बघितलं आणि तोंड वाकडं केलं. चेहऱ्यावर अंधार आलाय म्हणे. समोर जीव मुठीत धरून बसलेला पक्षी, आणि ह्यांना पडलीय थोबाडाची!

आणि मी? मी शेण खाल्लं. वीस वर्षं मांडवात नवरदेवाच्या मामांना खूश करून करून सवयच लागलेली. कुणी तोंड वाकडं केलं की मी म्हणणारच, थांबा, अजून एक घेऊ. उजेड यावा म्हणून मी कापड एका बाजूनं सोडलं, चेअरमनना जाळीला खेटून उभं केलं आणि फ्लॅश लावून लागोपाठ दोन-तीन फोटो मारले.

गरुड उडाला तो सरळ तारेवर. परत उडाला, परत आदळला. ताई धावत आल्या, टॉवेल टाकून त्याला धरलं, पंख उघडून बघितला. हाड शाबूत होतं, पण उडायची मोठी पिसं मधूनच मोडली होती. ती झडून नवी यायला वर्ष तरी जाणार. तोवर सुटका नाही.

"कावून काढलं कापड?" ताई एवढंच म्हणाल्या. मागून चेअरमन विचारत होते, फोटो आला का.

आला. लई भारी आला, आग लागो त्याला. टँकर मात्र तेवढाच आला, दुसरा कधीच नाही. नव्या वर्षाला संघाच्या सगळ्या सभासदांच्या घरी कॅलेंडर पोचलं, आमच्याही. आईनं ते कौतुकानं भिंतीला लावलं आणि शेजारणीला हाक मारून दाखवलं, पोरानं काढलंय, बघ गरुड कसा उडायलाय.

शेजारीण गेल्यावर मी म्हणालो, "उडत न्हाई गं आई. तारेवर धडकायलाय. मीच धडकवलाय."

आईनं फोटोतल्या पंखावर बोट ठेवलं.

"अजून आतच हाय का त्यो?"

"हाय."