मामांना मागं सरकायला कुणी सांगितलं

फोटोग्राफरच्या कानाखाली मारली तेव्हा माझ्या मुठीत अक्षता होत्या. त्या त्याच्या गालाला चिकटल्या. धाकट्या मुलीचं लग्न होतं, चाकणजवळच्या कार्यालयात, आणि मंगलाष्टकं चालू होती. पहिला बुक्का माझा नव्हता. तो माझ्या मेहुण्यांचा, थेट नाकावर. पण त्यांना खरं माहीत नव्हतं. मला होतं.

हा फोटोग्राफर मीच निवडला होता. आधी चार जणांकडे जाऊन आलो. चौघांनी निवडक फोटो दाखवले, ड्रोनच्या गप्पा मारल्या. कासारवाडीच्या या माणसानं मात्र एकाच लग्नाचे सगळे फोटो पुढ्यात ठेवले, फसलेल्यांसकट, आणि वही उघडून मलाच विचारत बसला. मुहूर्त कधी? कोण कुणाशी बोलत नाही? फोटोत कोण हवंच?

मी म्हणालो, "अंतरपाट खाली येईल तेव्हा माझ्या पोरीच्या मागं एकही डोकं दिसता कामा नये. कुणीही असो, हलवा." थोरलीच्या लग्नात त्या फोटोत तिच्या मामांचा फेटाच भरला होता. ती अजून बोलून दाखवते.

त्यानं पेन थांबवलं. "साहेब, तिथं मामा असतात. मुलीच्या पाठीशी उभं राहायचा मान त्यांचा. मी हलवलं तर मार खाईन." हसला. "तुम्ही आधी त्यांच्या कानावर घाला."

"घालतो," मी म्हणालो.

नाही घातलं. मेहुणे महाळुंग्याच्या जुन्या घरातले. मी लातूरकडून आलो तेव्हा त्यांनीच मला कंपनीत चिकटवलं, राहायला खोली दिली. त्यांच्यापुढं माझा आवाज कधी निघाला नाही. उद्या बोलू, उद्या बोलू करत हळदीचा दिवस आला. त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"बोला दाजी, काय कमी हाय?"

"काही नाही. जेवायला चला."

लग्नाच्या दिवशी, मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी, फोटोग्राफरनं लांबूनच हातानं विचारलं: सांगितलं का? मी मान हलवली. हो म्हणून.

त्या होकारावर विसंबून मंगलाष्टकं चालू असताना तो मेहुण्यांजवळ गेला. "मामा, दोन पावलं मागं घेता का?"

"कोन, मी?"

"घरच्यांचंच म्हणणं आहे, मामा."

"आरं, घरचा मीच हाय!"

बुक्का बसला. नाकातलं रक्त त्याच्या शर्टावर, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर. कॅमेरा पोटाशी धरून तो माझ्याकडे वळला. "साहेब, सांगा ना यांना."

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मेहुणेही. मी पुढं झालो आणि मारली, जन्मभर लोखंड उचललेल्या हातानं, होती नव्हती ती ताकद लावून. "मामांना हलवतोस?" असं ओरडलोही. मग मेहुण्यांची पोरं त्याच्यावर तुटून पडली. लाथा. त्याच्याच लाइटचा स्टँड त्याच्या पाठीत घातला. मुहूर्त टळू नये म्हणून भटजी आवाज चढवून मंगलाष्टकं म्हणत राहिले. अंतरपाट खाली आला तेव्हा माझी मुलगी नवऱ्याकडे बघत नव्हती. खाली पडलेल्या माणसाकडे बघत होती.

तीन आठवडे गेले. मग फोटोग्राफरच्या दुकानात गेलो. मी बोलायला लागलो की तो मान वळवून उजवा कान पुढं करायचा. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. हळदीचे फोटो पिशवीत घालून तयार ठेवले होते. मी हात जोडले, चूक माझी म्हणालो.

"मला काय सांगता?" तो म्हणाला. "मला माहीतच आहे. त्यांना सांगा. हा लग्नात माज करतो म्हणून फिरतंय सगळीकडं. दोन लग्नं हातची गेली."

रविवारी महाळुंग्याला गेलो. मेहुणे ओट्यावर बसले होते, पोरं शेजारी. उभ्या उभ्या सांगून टाकलं, मान हलवल्याचंही.

ते उठले. हात माझ्या तोंडापाशी येऊन थांबला. "बहिणीचा नवरा हाईस. तुला मारला तर ती ह्या दारात पाय ठिवंल का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तू म्हणाले. मग वळून ओट्याच्या खांबावर बुक्का हाणला. बोटं फुटली. "चल. दुकान दाव त्याचं."

कासारवाडीत गाडीतून आम्ही दोघं उतरताना त्यानं पाहिलं. मेहुण्यांच्या हाताला रक्त होतं. त्यानं आतून शटर खाली ओढलं.

"उघड बाबा, मारायला न्हाई आलो," मेहुणे म्हणाले आणि सवयीनं शटरवर हात आपटला. आत काहीतरी पडून फुटलं.

शेजारचा गॅरेजवाला हातात पाना घेऊन बाहेर आला. "फिर मारने आए क्या चाचा?" रस्त्यावरची माणसं थांबली.

मी शटरला तोंड लावून म्हणालो, "मामांना हलवायला मीच सांगितलं होतं." त्याला ऐकू गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी वळलो, गॅरेजवाल्याकडे आणि त्या थांबलेल्या माणसांकडे तोंड केलं, आणि तेच पुन्हा मोठ्यानं सांगायला लागलो.