मेंबरबाईंनी पारखलेला दिवा

आमच्या मेंबरबाई कुठल्याही नव्या वस्तूला तोंडदेखलं चांगलं म्हणत नसत. नवा हापसा बसला की आधी स्वतः हापसून बघायच्या, अंगणवाडीतली खिचडी आधी स्वतः चाखायच्या. "वापरल्याबिगर चांगलं कसं म्हनायचं?" हा त्यांचा ठरलेला सवाल. त्यांना समोर पाहिलं की पुढारी मंडळी भाषण आवरतं घ्यायची.

आमचं गाव मिरजगावच्या बाजूचं. नव्वदच्या दशकात बायकांसाठी राखीव जागा आल्या आणि मेंबरबाई ग्रामपंचायतीत निवडून आल्या. तेव्हा बऱ्याच ठिकाणी बाई सहीपुरती आणि कारभार नवऱ्याचा. पहिल्याच बैठकीला यांचेही मालक येऊन बसले, तर या म्हणाल्या, "तुमी घरी जावा. म्हशीची धार राह्यलीय." बिचारे उठून गेले.

मी तेव्हा गावातली नवी सून. घरोघरी संडास नव्हते. दिवस मावळला की आम्ही बायका ओढ्याकडच्या बाभळींत जायचो. त्या वाटेवर एका बाईला साप चावला आणि पंचायतीनं ठरवलं, सोडियमचा नवा पिवळा दिवा आधी तिथल्याच खांबावर लावून बघायचा. पसंत पडला तर गावभर जुने बल्ब काढून हेच दिवे. हेतू चांगलाच होता. दिवा लागला, वाट लख्ख झाली, पण वाटेबरोबर बाभळीही उजळल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं दिसायला लागलं. पुरुष मंडळी दिव्यावर खूष, आणि आम्ही सुनांनी दुपारनंतर पाणी पिणं सोडलं. उन्हाळ्याचे दिवस ते. घसा कोरडा पडायचा, पण बोलायचं कुणी आणि कुणापाशी?

मेंबरबाईंना सांगावं लागलं नाही. त्या स्वतः तिथं जाऊन तशाच परत आल्या होत्या. भरल्या बैठकीत त्यांनी विषय काढला. "दिवा झ्याक हाय. पर आमी बसायचं कुठं?"

सरपंच हळूच म्हणाले, "मग काढून टाकू."

"काढायचा न्हाई. साप काय गाव सोडून गेला न्हाई. उजेड वाटंवर पाडा, झाडीत नको."

वायरमननं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्याला एका बाजूनं आडोसा बांधला. तो पुरतो का, याची परीक्षा मेंबरबाईंनी घेतली. दिवस मावळल्यावर वायरमनला आणि मला वाटेवर उभं केलं आणि आपण बाभळीमागं जाऊन खुशाल बसल्या. "दिसते का मी?"

वायरमननं लाजून मान फिरवली.

"आरं बघ की. तू न बघून कसं कळंल?"

तो पुनःपुन्हा खांबावर चढला, पत्रा वाकवत राहिला. शेवटी वाटेवरचा खडान्‌खडा दिसत होता आणि बाभळींतून त्यांचा नुसता आवाज येत होता. मला हसू आवरेना. इतकी धीट बाई मी तोवर पाहिली नव्हती, नंतरही फारशा पाहिल्या नाहीत.

मेंबरबाई जाऊन बरीच वर्षं झाली. मी आता नगरला असते. मध्यंतरी आमच्या कॉलनीत एलईडीचे दिवे लावून बघितले, तेव्हा एक मुलगा घरोघरी विचारत आला, उजेड पुरतो ना? मी हो म्हटलं, आणि दार लावताना मेंबरबाईंच्या आठवणीनं डोळे भरून आले. त्या संध्याकाळी बाभळींतून लुगडं झटकत बाहेर आल्यावर त्यांनी दिव्याकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या सुकलेल्या ओठांकडं बघून म्हणाल्या, "जा पोरी, घरी जाऊन पोटभर पानी पी."