तवा पडला नव्हता

"गुडघ्यावर बसून बोलता न्हवं तुमी तुमच्या देवासंगं? मग बस की. आमालाबी ऐकू दे."

मालकाने बोट दाखवलं ते कढईतून नुकत्याच उपसलेल्या हळदीकडे. ढिगातून वाफ निघत होती. हट्टा गावाकडच्या एका शिवारात मी तेव्हा हळद शिजवायच्या कामावर होतो. आदल्या रविवारी मी बाप्तिस्मा घेतला होता आणि ते मालकाच्या कानावर गेलं होतं. कढईभोवती वीसेक माणसं. कुणी हसलं, कुणी जळणाकडे बघत राहिलं. मालकाच्या दोन गड्यांनी माझे खांदे दाबले आणि मला त्या ढिगावर गुडघ्यांवर बसवलं. कातडी हळदीला चिकटली. मी ओरडलो नाही. मी प्रार्थना केली. मालकासाठी केली. आणि तिथेच त्याला माफ केलं.

ही माझी साक्ष. चाळीस वर्षं मी ती देत आलो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष म्हणजे सर्वांसमोर उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं. वसमत, आखाडा बाळापूर, कळमनुरी, जिथे बोलावलं तिथे गेलो. शेवटी धोतर वर घ्यायचो आणि गुडघे दाखवायचो. पांढरे, सुरकुतलेले डाग. बाया रडायच्या. लोक मला साक्षवाले बाबा म्हणू लागले. पहिल्या सतरंजीवर माझी जागा ठरलेली.

आता खरं सांगतो.

मला कुणी दाबलं नव्हतं. दोन गडी मी नंतर घातले, पहिल्यांदा बाळापुरात. लोक जास्त गप्प झाले, म्हणून ते दोघे साक्षीत राहिले. मालक फक्त बोलला आणि मी बसलो. स्वतःच्या पायांनी गेलो आणि बसलो. त्याचा गुन्हा यामुळे तसूभर कमी होत नाही. माझ्या बापाला, आज्याला असल्याच आवाजाने बसवलं होतं. पण प्रार्थना मी केली नाही. "चुकलं मालक," म्हणालो. तीनदा. मालक म्हणाला, "ऊठ," तेव्हाच उठलो.

आणि माफ? त्या दिवशी मी कुणालाच माफ केलं नाही.

दिवस मावळायच्या आत घरी आलो. माझी बायको शांता चुलीपुढे भाकरी करत होती. माझे गुडघे बघून ती उठली, पाणी आणलं, फडकं भिजवलं. मी सगळं सांगितलं. तिने विचारलं,

"धरलं व्हतं का कुणी?"

"न्हाई."

"मग काहून बसलात? उठून का न्हाई आलात?"

एवढंच. टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच कळत नव्हतं.

मी तिचं उजवं मनगट धरलं आणि तळहात तव्यावर दाबला. ती ओरडली तशी मी जास्त दाबला. भाकरी जळाल्याचा वास येतो तसा वास आला, पण भाकरी खाली परातीत होती. शेजारी धावत आले तेव्हा तिनेच सांगितलं, "तवा पडला." मी शेजारी उभा. मान हलवली. व्हय, तवा पडला.

तिचा हात बरा झाला, पण मूठ उघडली नाही. बोटं आत वळली ती वळलीच. तेव्हापासून ती डाव्या हाताने जेवते. डाव्या हाताने तिने आमच्या तीन पोरी वाढवल्या. मी तिला मारणं सोडलं, आणि तेसुद्धा साक्षीत सांगायचो. कुणाचा हात जाळल्यावर सोडलं, ते नाही.

मागच्या वर्षी प्रभुभोजनाच्या रविवारी, सगळ्यांना एकाच प्याल्यातून द्राक्षारस देतात त्या दिवशी, शहरातून एक उपदेशक पाहुणे आले होते. त्या दिवशीही मी साक्ष दिली. धोतर वर घेतलं. पत्र्याची शेड भरली होती, लोक हालेलुया म्हणाले. मग पाहुणे प्याला घेऊन रांगेने निघाले. शांता शेवटी, दाराजवळ बसते. तिने डावा हात पुढे केला. पाहुण्यांनी प्याला मागे घेतला.

"आई, उजवा हात. हा राजाचा मेज आहे."

शांताने उजवा हात वर केला. मूठ तशीच. त्यांनी प्याला तिच्या वळलेल्या बोटांवर टेकवला. तो कलंडला. द्राक्षारस तिच्या लुगड्यावर सांडला. पाहुणे मंडळीकडे वळून म्हणाले, "मन कठीण असलं की हातही उघडत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमेन."

माझं धोतर अजून गुडघ्यांच्या वर होतं. मालकाच्या कढईभोवतीची वीस माणसं मला आठवली. आज मी त्यांच्यात बसलो होतो. पहिल्या सतरंजीवर.

मी उभा राहिलो. "तिच्या मनाला बोल लावू नका. हात मी जाळलाय. तव्यावर दाबून."

शेजारची म्हातारी म्हणाली, "अगं शांते, तवा पडला म्हणत व्हतीस न्हवं?"

पाहुणे जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बसा बाबा. जुनं ते होऊन गेलं. प्रभूने केव्हाच क्षमा केली."

"जळली ती," मी म्हणालो. "तुमी कोन क्षमा वाटणारे?"

मी त्यांचा हात झटकला. प्याल्याला शिवलो नाही. तोवर शांता चपला घालून निघून गेली होती.

घरी गेलो तर ती लुगडं धूत होती. एका हाताने. मी म्हणालो, "सांगितलं मी."

"ऐकलं. झाली तुमची साक्ष परत." तिने वर बघितलं नाही. "आजबी समदे तुमच्याकडंच बघून राहिले व्हते. आन मी लबाड ठरले. चाळीस वर्सं तवा पडला म्हणलं ते कुणासाठी व्हतं?"

तिने लुगडं दोरीवर टाकलं. मग म्हणाली,

"जिथं जिथं गुडघे दाखवले, तिथं तिथं जाऊन सांगा. धोतर खाली सोडून सांगा. आन शेवटी माफीचं बोलू नका. ती तुमची न्हाई, त्या पाव्हण्याची न्हाई. माजी हाय. द्यायची का न्हाई ते मी बघीन."

तेव्हापासून मी एसटीने फिरतोय. बाळापुरात लोक निम्म्यातच उठून गेले. वसमतला एकजण बाहेर आडवा आला. "तुमची साक्ष ऐकून मी बाप्तिस्मा घेतला, बाबा. आता मी काय करू?" मी म्हणालो, मला माहीत नाही. त्याने कानाखाली वाजवली. मी पडलो. दुसरा गाल पुढे करायची हुक्की आली. तोसुद्धा देखावाच झाला असता. उठलो आणि स्टँडवर गेलो.

शांताने अजून काही दिलेलं नाही. मी मागितलेलं नाही. रविवारी मी दाराशी, चपलांजवळ बसतो. प्याला आला की पुढे सरकवतो. शांता डाव्या हाताने घेते, आता कुणी बोलत नाही.

हट्ट्याकडचं ते शिवार तेवढं राहिलंय. मालक मेला. त्याची पोरं हळद करतात, कढईच्या जागी आता हळद शिजवायचा मोठा कुकर आहे. उद्या तिथे जाणार आहे. तुमच्या बापाने मला वाफाळत्या हळदीवर बसवलं, हे त्यांच्या तोंडावर सांगायचंय. मला कुणी धरलं नव्हतं, हेही. आणि घरी जाऊन मी काय केलं, तेही. ते बस म्हणतील, नाहीतर काठी काढतील.

बसणार नाही. सगळं सांगून होईपर्यंत उभा राहीन.