मंगलाचा श्वास

मंगला पडली तेव्हा वजनाचा बार नशिबानं पुढच्या बाजूला पडला. ती मागे बसली, मग आडवी झाली. डोळे उघडे, पण ओळख नाही. मी पाणी शिंपडलं, पाय उचलून धरले. जरा वेळानं ती उठून बसली आणि म्हणाली, "मॅडम, लिफ्ट झाली का?"

लिफ्ट झाली नव्हती. महिन्याभरात ती दुसऱ्यांदा पडली होती. जळगावची विद्यापीठ स्पर्धा तोंडावर आली होती.

मी तेव्हा धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होते. नव्वदीची सुरुवात होती. मुलींनी वेटलिफ्टिंग करायचं हेच लोकांना अजून पचलेलं नव्हतं. "मुलींची उंची वाढायची थांबेल," असं मला सांगायला येणाऱ्यांत प्राध्यापकही असायचे. मी म्हणायची, "तुमची कशानं थांबली सर?" मग ते पुन्हा यायचे नाहीत.

मंगला शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावची. तिचे वडील, नाना, गावात तालीम चालवायचे. जुने पहेलवान. लहानपणापासून लेक त्यांच्या मागे मागे तालमीत जायची, तिला त्यांनी हाकललं नाही, एवढ्यावरून मला तो माणूस आवडला होता. पोरीची ताकद अशी की कॉलेजात तिच्या जवळपास कोणी नव्हतं. ती जिंकणार हे मला ठाऊक होतं. फक्त उभी राहायला हवी होती.

प्राचार्यांनी मला बोलावलं.

"मॅडम, त्या मुलीचं नाव यादीतून काढा."

"का सर?"

"का म्हणून काय विचारता? उद्या बार छातीवर पडला तर पालकांना तोंड कोण दाखवणार?"

"मी दाखवीन. नाव पाठवायला अजून आठवडा आहे. तेवढा द्या."

"डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, मग बघू."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा कार्डिओग्राम काढला. सगळं उत्तम. ते म्हणाले, "मुलगी ठणठणीत आहे. फक्त बार हातात असतानाच चक्कर येते ना? मग कारण बारपाशीच शोधा."

हे मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी मंगलाला कमी वजन लावायला लावलं आणि तिच्या हातापायांकडे बघायचं सोडून फक्त चेहऱ्याकडे बघत बसले.

क्लीन अँड जर्क नावाचा प्रकार असतो. त्याचे दोन भाग. आधी बार जमिनीवरून उचलून खांद्यांवर घ्यायचा आणि उभं राहायचं. मग तिथून एका झटक्यात डोक्यावर. जड वजन उचलताना श्वास भरून रोखावा लागतो. त्यानं पोट घट्ट होतं आणि कण्याला आधार मिळतो. पण श्वास फार वेळ कोंडून ठेवला तर छातीतल्या दाबामुळे हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, मेंदूला कमी पोचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून बार खांद्यावर आला की थोडा श्वास सोडायचा, तोंडानं पटकन नवा भरायचा, मग जर्क.

मंगला श्वास सोडतच नव्हती. खाली वाकताना नाकानं घेतलेला श्वास ती शेवटपर्यंत धरून ठेवायची. ओठ शिवल्यासारखे मिटलेले. मानेच्या शिरा फुगलेल्या.

"मंगला, तोंड उघड."

"उघडते, मॅडम."

बार खांद्यावर. ओठ बंद.

"अगं उघड!"

तिनं बार खाली टाकला आणि रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅडम, उघडतच नाही ते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नानांच्या तालमीत नियम होता. जोर-बैठका मारताना तोंडात पाण्याचा घोट धरायचा. म्हणजे तोंडानं श्वास घ्यायची सोयच नाही, नाकच वापरावं लागतं. शेवटी पाणी थुंकून दाखवायचं. ज्याच्या तोंडातलं पाणी सांडलं किंवा गिळलं गेलं, त्यानं आखाडा खणायचा. मंगला अगदी लहानपणापासून हे करत आली होती, आणि तिला एकदाही आखाडा खणावा लागला नव्हता. याचा तिला भलताच अभिमान होता.

नियम चुकीचा नव्हता. बैठकांसारख्या हलक्या आणि लांबणाऱ्या व्यायामाला नाकानं श्वास घेणं चांगलंच. दम लवकर लागत नाही. पण तोच नियम तिनं जड बारलाही लावला होता.

शनिवारी मी एसटी पकडून तिच्या गावी गेले. नाना ओट्यावरच भेटले. चक्कर त्यांच्या कानावर गेली होती.

"मॅडम, अशी चक्कर परत उनी ना, ते बठ्ठं बंद. मी तिले घर लई येसू. कॉलेज बी बंद."

म्हणजे आता पोरीचं शिक्षणही त्या बारला लटकलं होतं. मी त्यांना श्वासाचं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते, पण मान हलत नव्हती.

"तोंड उघाडं टाकस त्या बैलले बजारमा कोनी इकत लेत नही," ते म्हणाले. "तोंड उघाडं म्हंजे दम सरना. मी पोरीले हाई शिकाडेल नही."

मी चिडले होते, खरं सांगते. तेवढ्यात ओसरीत सरकीच्या ढेपेची पोती दिसली. म्हशीसाठी आणलेली, चांगली भरलेली.

"नाना, हे पोतं तुम्ही एकटे खांद्यावर घेता?"

"हाई? हाई ते रोजनं शे."

"मग तोंडात पाण्याचा घोट धरून घेऊन दाखवा."

पहेलवानाला असं म्हटल्यावर तो मागे हटतो होय? त्यांनी तांब्यातून घोट घेतला, धोतर खोचलं, पोतं उचलून मांडीवर घेतलं. इथपर्यंत ठीक. मांडीवरून खांद्यावर न्यायच्या आधी प्रत्येक माणूस थबकतो आणि "हुप्प" करून श्वास बदलतो. नानाही थबकले. चेहरा लाल झाला. आणि मग तोंडातलं सगळं पाणी फवाऱ्यासारखं पोत्यावर.

मंगलाची आई दारातून हे बघत होती. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "ढेप वली व्हई गयी ना हो!"

मी हसले नाही. फार प्रयत्नानं हसले नाही.

नानांनी पोतं खाली ठेवलं, मिशा पुसल्या. म्हणाले, "बैठकले नाक. पोताले तोंड. बरं. पन मनी आंडेर पडाले नही पाहिजे."

"नाही पडणार तुमची लेक," मी म्हटलं.

बोलून तर बसले, पण इतक्या वर्षांची सवय सांगून सुटत नाही. "श्वास सोड" म्हटलं की ती ओठ आणखी घट्ट मिटायची. मग मला सुचलं. बोलायचं तर तोंड उघडावंच लागतं, आणि बोलताना हवा आपोआप बाहेर जाते. मी म्हटलं, "बार खांद्यावर आला की एक शब्द बोलायचा. कुठलाही. मग श्वास भरायचा, मग जर्क." ती काहीतरी पुटपुटायला लागली. काय पुटपुटते हे मी विचारलं नाही. अंधारी यायची थांबली. डॉक्टरांचं सर्टिफिकेट प्राचार्यांना दिलं, नाव गेलं.

जळगावच्या हॉलमध्ये नाना सगळ्यात मागच्या बाकावर बसले होते. पांढरी टोपी, हात मांड्यांवर.

पहिल्या प्रयत्नात मंगला घाबरली आणि सगळं विसरली. ओठ बंद. ती डगमगली आणि बार सोडून दिला. पडली नाही, पण मागच्या बाकावरून नाना उभे राहिलेले मला दिसले. आता एक चक्कर, की पोरगी गावाला आणि पुस्तकं माळ्यावर. मी तिच्या खांद्याला धरून एवढंच म्हटलं, "शब्द."

दुसरा प्रयत्न. बार खांद्यावर आला. ती उभी राहिली. हॉल चिडीचूप. आणि मंगलानं पूर्ण ताकदीनं हाक मारली, "नाना!"

मागून लगेच आवाज आला, "मी आठेच शे, बेटा!" इथेच आहे, इथेच आहे, असं ओरडत नाना बाकं ओलांडत पुढे धावत होते. त्यांना वाटलं, पोर पडते आहे.

सगळा हॉल हसला. मंगला हसली नाही. तिनं तोंडानं भरभरून श्वास घेतला आणि बार डोक्यावर नेला. हात ताठ, पाय स्थिर. तिन्ही पंचांचे पांढरे झेंडे वर गेले. नाना प्लॅटफॉर्मच्या कडेला पोचले होते, तिथेच उभे राहिले आणि रडले. मीही रडले.

मंगलाचा पहिला नंबर आला. माझ्या नोकरीत पुढे बरेच कप आले, पण मला सगळ्यात जास्त गर्व याच लिफ्टचा आहे आणि तो मी लपवत नाही.

रिटायर झाले तरी लोक मला विचारतात, व्यायाम करताना श्वास नाकानं घ्यायचा की तोंडानं? बीपी असलेल्यांना मी सांगते, श्वास अजिबात कोंडू नका, आधी डॉक्टरांना भेटा. बाकीच्यांना सांगते, वजन हलकं असेल तर नाकानं. जड असेल तर खुशाल तोंड उघडा, आणि ज्याला हाक मारायची असेल त्याला मारून घ्या.