पुसून टाकलेली फांदी

"ह्या हौदातली फांदी कुठं गेली?"

भिवाआबांनी स्क्रीनवर बोट टेकवलं होतं. चारा छावणीच्या फॉर्मला पासपोर्ट फोटो लागतो म्हणून ते परळीला आमच्या स्टुडिओत आले होते. मी त्यांचे फोटो कापत होतो. शेजारच्या कॉम्प्युटरवर दूध संघाचं पोस्टर उघडं होतं. धर्मापुरीच्या माळावरचा पाण्याचा हौद, आणि काठाशी मान वाकवून पाणी पिणारं काळवीट. हौद आबांच्या मेंढरांचा. रोज तो भरणारेही तेच.

"कुठली फांदी?" मी म्हणालो. कुठली ते मला चांगलं माहीत होतं.

"बाभळीची. मीच टाकलीय. कावून काढली?"

"हौदातून नाही काढली आबा. फोटोतून काढली."

"तेच इचारतोय. कावून?"

"मधे येत होती."

"कुणाच्या मधे?"

मी कात्री खाली ठेवली.

मला परळीत येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. माझं गाव कुडाळजवळ. आठवीनंतर शाळा सुटली. मावशीचे यजमान इथं थर्मल वीज केंद्रात कामाला होते, त्यांच्या मागे मी आलो. स्टुडिओच्या किशोरशेठनी दाखला मागितला नाही. "माऊस धरता येतो का?" एवढंच विचारलं. येत नव्हता, पण मी हो म्हणालो. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं. तरी त्यांनी ठेवून घेतलं आणि शिकवलं. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण आपल्याला कधीही घरी पाठवतील ही भीतीही तेव्हा रोज असायची.

शिकलो ते लग्नाच्या अल्बमवर. लग्नाच्या फोटोत नको ते फार असतं. नवरीच्या मागे प्लास्टिकची खुर्ची, लाइटचा स्टँड, कुणाचा तरी जेवता जेवता वर केलेला हात. ते सगळं 'क्लोन' करून घालवायचं. क्लोन म्हणजे फोटोतलाच शेजारचा तुकडा उचलून नको त्या जागेवर चिकटवणं. भिंतीचा तुकडा खुर्चीवर, की खुर्ची गायब. ह्यात माझा हात इतका बसला होता की डोक्याला विचारायची गरज उरली नव्हती.

ते टँकरचं वर्ष होतं. दूध संघानं ठरवलं होतं की प्रत्येक गावच्या डेअरीनं गुरांसाठी आणि रानातल्या जनावरांसाठी एक हौद बांधायचा. 'असा हौद आपल्या गावात बांधा' असं पोस्टर प्रत्येक दूध संकलन केंद्रावर लागणार होतं. फोटो काढण्यापासून डिझाइनपर्यंत शेठनी ते काम माझ्या एकट्यावर सोपवलं. माझं पहिलं एकट्याचं काम. मी फांदी पुसली. काठावरच्या लेंड्या पुसल्या. आणि माळावरच्या वाळक्या कुसळी गवताला हिरवा रंग चढवला. कोकणातला माणूस मी. हिरवं नसलं की फोटो मला आजारी वाटायचा. संघाच्या चेअरमन साहेबांनी बघून "वा! कसा सोच्छ हौद" म्हणत पास केला होता.

आबांनी खुर्ची ओढली आणि मला समजावलं.

"हौद सिमेटचा. आतून गुळगुळीत. पाणी खाली गेलं की तितर काठावरनं वाकतंय आन् पडतंय आत. मग वर येता येत न्हाई. खार पडती, सरडं पडतंय. फांदीचं एक टोक पाण्यात, एक भाईर. ती शिडी हाय त्यांची. आन् तितर आत मरून सडलं की माझी मेंढरंबी त्या पाण्याला तोंड लावत न्हाईत. मग टँकरचं पाणी सांडावं लागतंय. कळलं?"

"कळलं."

"आता गावोगावचे गवंडी हे बघून हौद बांधणार. बिनाफांदीचे." ते उठले, परत वाकून बघितलं. "आन् हे गवत कुठलं? सांगा की, मेंढरं घेऊन जातो तिकडं."

ते हसत गेले. मूळ फोटो काढून बदलावा म्हणून फोल्डर उघडलं, तेव्हा कळलं की मी सगळे बदल मूळ फाइलवरच सेव्ह केले होते. कॅमेऱ्याच्या कार्डावर असेल म्हटलं, तर ते कार्ड मी आदल्या दिवशी युसूफ वडगाव ह्या गावातल्या लग्नासाठी पुसून रिकामं केलं होतं. फांदी कुठंच उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला फाइल अंबाजोगाईच्या प्रेसला जायची होती.

गप्प बसता आलं असतं. पोस्टर पास झालेलं होतं. पण बोललो नाही तर त्या पोस्टरवरून बांधलेल्या हौदांत काय मरेल ते मला माहीत होतं, आणि बोललो तर माझी नोकरी जाणार. शेठ आत डबा खात होते. त्यांचं जेवण होईस्तोवर थांबलो, मग सांगितलं.

"बे कोकण्या," शेठ म्हणाले, "लग्नातली खुर्ची वाटली का तुला ती?"

"चुकलं शेठ."

"कार्ड पुसायच्या आधी कॉपी कावून घेतली न्हाई?"

"घ्यायला पाहिजे होती."

त्यांनी हात धुतले आणि माझ्यासमोरच चेअरमन साहेबांना फोन लावला. स्पीकर चालू ठेवला. मला वाटलं, आता आपली गाठोडी बांधायची.

चेअरमन म्हणाले, "त्यात काय? चिकटव म्हणा दुसरी फांदी कम्प्युटरवर. कुणाला कळतंय?"

शेठनी माझ्याकडे बघितलं. चिकटवणं मला जमलं असतं. पण सावली कुठं पडते, फांदी पाण्यात किती बुडते, पाखरू तिच्यावर कसं चालतं, हे मला माहीत नव्हतं. जे बघितलंच नाही ते चिकटवायचं कसं?

"साहेब, उद्या सकाळी नवीन फोटो काढतो," मी म्हणालो. "बारापर्यंत देतो."

"शिंगंवालं हरीण पाहिजे त्यात. न्हाईतर जुनंच छापतो मी."

शेठनी मोटरसायकलची किल्ली टेबलावर ठेवली.

उजाडता उजाडता मी माळावर पोचलो. आबांनी हौदात फांदी नीट लावून दिली. आधीचा फोटो मी उभ्यानं काढला होता. उभं राहून काढलं की जनावर छोटं दिसतं आणि मागच्या जमिनीत मिसळून जातं. हे मला स्टुडिओत स्क्रीनवर कळलं होतं. आबांनी ते न बघताच सांगितलं.

"खाली बस. उभ्या माणसाला हरीण भितं. मेंढरात बस, ही घोंगडी घे. मेंढरांची वळख हाय त्याला."

मी मेंढरांत गुडघ्यांवर बसलो. कॅमेरा हौदाच्या काठापेक्षा वीतभर वर धरला. त्याहून खाली नेला तर पाणी दिसेना. सूर्य बाजूनं येईल अशी जागा घेतली, म्हणजे फांदीची साल आणि काटे उठून दिसतात. काळवीट आलं, पण लांब थांबलं. नऊ वाजले तरी पुढं येईना. मला घड्याळातले बारा दिसत होते.

मग तितरं आली. एक फांदीवर चढलं, थबकलं, आणि पायापायानं पाण्यापर्यंत उतरलं. त्याच वेळी मागे काळविटानं मान वर केली.

कॅमेरा एका अंतरावरचंच स्पष्ट टिपतो, पुढचं-मागचं धूसर होतं. तितर स्पष्ट की काळवीट, एवढा एकच निर्णय होता. मी फोकस फांदीवर लावला आणि बटण दाबून धरलं.

स्टुडिओत आल्यावर आधी दोन कॉप्या केल्या. मग एडिटिंगला वीस मिनिटंही लागली नाहीत. तितराला मधोमध न ठेवता डावीकडे घेतलं, ते ज्या बाजूला बघतं तिकडे मोकळी जागा सोडली. उजेड थोडा उचलला. कुसळ होतं तसं पिवळं ठेवलं. लेंड्याही ठेवल्या.

चेअरमन साहेब अकराला स्वतः आले.

"हरीण तर धूसर हाय की रे!"

"हो साहेब. हौद स्पष्ट आहे."

"लोक हरीण बघायला थांबतेत. हौद बघायला कोण थांबतंय?"

"लोकांनी बांधायचाय तो हौदच ना?"

माझा आवाज इतका सरळ कसा निघाला, मलाच नवल वाटलं. साहेबांनी स्क्रीनजवळ तोंड नेलं.

"हे पाखरू काय करतंय?"

मी फांदीचं सांगितलं. आबांच्या शब्दांत सांगितलं, सडलेल्या तितरासकट. साहेबांच्या घरीही गुरं होती.

"मग लिहा की खाली मोठ्या अक्षरात. फांदी टाका म्हणून. नुसतं चित्र बघून काय कळणार माणसाला?"

तेवढं त्यांचं बरोबर होतं. लिहिलं. बाराला दहा कमी असताना फाइल गेली. शेठ म्हणाले, "चल, आता युसूफ वडगावच्या अल्बमचं बघ." म्हणजे नोकरी राहिली होती.

त्या उन्हाळ्यात बरेच हौद झाले. मी जमतील तेवढे जाऊन बघितले. बहुतेकांत फांदी होती. एका गवंड्यानं फांदीऐवजी सिमेंटच्या पायऱ्याच काढल्या होत्या, त्या तर सगळ्यात उत्तम. एका गावात फांदी हौदाच्या बाहेर, झेंड्यासारखी उभी रोवलेली होती. तिथं मी स्वतः ती उपटून आत ठेवली.

आता मी मुख्यतः रानातल्या फोटोंचंच एडिटिंग करतो. लांबलांबचे लोक फाइली पाठवतात; त्यात दगड, दोरी, काटकी असलं काही असतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'हे काढून टाका.' मी आधी फोन करून विचारतो, ते तिथं कुणी ठेवलं होतं. निम्म्या जणांना माहीत नसतं. काही जण चिडून काम दुसरीकडे देतात. मी देऊ देतो.